हातापायाला मुंग्या, मणक्यात गॅप, आणि निदान काही होत नाही

या वेळी फक्त मणक्याचे आणि नसांचे प्रश्न घेतलेत. या विषयावर पत्रं, मेल सतत येतायत आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, की त्रास एक होतोय, रिपोर्टमध्ये दुसरंच लिहिलंय आणि प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतोय. चार पत्रं निवडलीत, नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. पत्रावरून निदान करता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण पुढचा धागा कुठून पकडायचा ते सांगता येतं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ५३, सांगली जिल्ह्यात राहते, घरीच शिवणकाम करते. दीड-दोन वर्षं झाली दोन्ही हातांना मुंग्या येतात, बोटं जाड झाल्यासारखी वाटतात, आधी उजव्या हाताला होतं मग डाव्या पण सुरू झालं. आता सुईत दोरा ओवता येत नाही, ब्लाऊजला हुक लावायला बसले की हुक बोटातून सुटतो, स्वतःच्या निऱ्या घालायला सुद्धा सुनेला हाक मारावी लागते. चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटतं. सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, एकदा पडले पण. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. लघवी लागली की धरवत नाही. कंबर जुनीच दुखते. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला, एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) गादी सरकलीय, नस दबलीय म्हणाले, पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं, फिजिओ झालं. हातांसाठी दुसरीकडे एनसीव्ही (नसांमधून करंट किती वेगाने जातो ती तपासणी) केली तर मनगटात नस दबलीय. गावातल्या डॉक्टरांनी बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, मग रक्त तपासलं तर बी ट्वेल्व्ह भरपूर निघालं. एकांनी टेन्शन घेता म्हणून झोपेची गोळी दिली. आता एक सर्जन म्हणतात कमरेचं ऑपरेशन करून टाकू. मिस्टर म्हणतात करून टाक, मुलगा म्हणतो थांब. शुगर ९ वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिन चालू, अॅसिडिटीची गोळी पण रोज. आम्ही माळकरी, अंडं-मटण काही नाही. मला नेमकं काय झालंय आणि कुणाकडे जाऊ?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक सांगते, कमरेचं ऑपरेशन आत्ता थांबवा. कायमचं नकोच असं म्हणत नाहीये मी, पण मानेचा एमआरआय झाल्याशिवाय आणि न्यूरोफिजिशियननी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत नीट तपासल्याशिवाय त्या टेबलावर जाऊ नका. कारण अगदी साधं आहे, कमरेतल्या गादीमुळे हाताला मुंग्या येत नाहीत. हाताच्या नसा मानेतून निघतात. कमरेत नस दबली तर मांडीतून पोटरीत कळ जाईल, पायाचा अंगठा बधिर होईल, चप्पल पायातून निसटेल, पण हातातला हुक सुटणार नाही. तुमचा मुलगा थांब म्हणतोय ते बरोबर आहे.

मज्जारज्जू, ज्याला सगळे स्पायनल कॉर्ड म्हणतात, तो मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातून खाली येतो खरा, पण कमरेच्या तळापर्यंत पोचतच नाही. साधारण एल१-एल२ च्या आसपास संपतो आणि त्याच्या खाली नुसता नसांचा झुबका असतो. म्हणजे जिथे तुमची गादी सरकलीय तिथे कॉर्ड नाहीच. आणि तुम्ही लिहिलेल्या तक्रारी एकत्र मांडल्या, हातांचं बारीक काम गेलं, पाय गादीवर पडतात, डोळे मिटले की तोल जातो, मान वाकवली की करंट, लघवी धरवत नाही, तर संशय कॉर्डवर जातो, एखाद्या सुट्या नसेवर जात नाही. घरातली एक ट्यूब गेली तर ट्यूब बदलायची, पण अख्ख्या गल्लीची लाईट गेली तर डीपीकडेच बघावं लागतं ना, तसंच हे.

माझ्या मनात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

पहिली म्हणजे मानेत कॉर्डवर दाब. वयानुसार मानेतल्या मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, हाडं वाढतात, मागचं लिगामेंट जाड होतं आणि कॉर्डची वाट अरुंद होत जाते, याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. मोठ्या माणसांमध्ये मज्जारज्जू बिघडण्याचं जगभरात सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच, आणि तरी ते लवकर ओळखलं जात नाही, कारण बऱ्याच जणांची मान दुखतच नाही. मान दुखत नाही म्हणून मानेकडे कुणी बघत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की निदान व्हायला सरासरी दोन वर्षांच्या वर गेली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी मनगटातली नस दबलीय असंच सांगितलं होतं. तुमची एनसीव्ही खोटी आहे असं नाही हं, शुगरच्या पेशंटमध्ये मनगटात नस थोडी दबलेली सापडणं खूप कॉमन आहे. पण मनगटातल्या नसेचा त्रास अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यातच असतो, रात्री जास्त होतो आणि हात झटकला की बरं वाटतं. त्याने तोल जात नाही.

दुसरी गोष्ट बी ट्वेल्व्ह. तुमच्याकडे याची तीन कारणं एकत्र आलीत, अनेक वर्षांचं मेटफॉर्मिन, रोजची अॅसिडिटीची गोळी आणि शाकाहार. बी ट्वेल्व्ह बराच काळ कमी राहिलं तर कॉर्डच्या मागच्या भागातल्या तारा खराब होतात, ज्यांच्यातून पाय कुठे आहे, जमीन कशी आहे ही माहिती मेंदूला जाते. ती माहिती तुटली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की बेसिनवर कोसळतो. तुम्ही हे इतकं नेमकं लिहिलंय ना, की तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा. मान वाकवल्यावरचा करंट पण दोन्ही आजारांत येतो, त्यामुळे त्यावरून फरक करता येत नाही.

तुमचं बी ट्वेल्व्ह भरपूर निघालं त्याचा मात्र काही उपयोग नाही, कारण रक्त इंजेक्शननंतर काढलं. इंजेक्शन घेतल्यावर आकडा वर जाणारच, नस सुधारली का ते त्यातून कळत नाही. होमोसिस्टीन नावाची तपासणी असते, बी ट्वेल्व्ह कमी असलं की ते वाढतं, पण उपचार सुरू झाले की तेही काही दिवसांत खाली येतं. म्हणून इंजेक्शनच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर शोधून काढा. वाचकांपैकी ज्यांना असा त्रास आहे त्यांना हात जोडून सांगते, आधी रक्त द्या आणि मग इंजेक्शन घ्या, मल्टीव्हिटॅमिनच्या गोळ्या सुद्धा रक्त दिल्यावरच. आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी ट्वेल्व्ह ठीक असणार असं धरून चालू नका. १९८८ साली अमेरिकेत बी ट्वेल्व्ह कमी पडल्यामुळे नसांचा किंवा मेंदूचा त्रास झालेल्या १४१ पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यातल्या ४० जणांना ना अॅनिमिया होता ना रक्तपेशी मोठ्या झालेल्या.

आता तपासणी कशी व्हायला हवी ते सांगते, म्हणजे झाली की नाही ते तुम्हाला कळेल. न्यूरोफिजिशियन रबरी हातोडीने कोपर, मनगट, गुडघा आणि घोट्यामागे ठोकून बघतील. सुटी नस दबली असेल तर तिथला झटका मंद होतो, कॉर्ड दबला असेल तर दाबाच्या खालचे झटके उलट जोरात येतात. मधल्या बोटाचं नख टिचकी मारल्यासारखं सोडतील आणि अंगठा आपोआप आत वळतो का बघतील, त्याला हॉफमन म्हणतात. तळपायाच्या कडेने बोथट टोक वर ओढतील आणि अंगठा वर जातो का बघतील. हे बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरने पॅरिसमध्ये १८९६ साली सांगितलं आणि आजही इतक्या मशीनच्या जमान्यात त्याला तोड नाही, कारण मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला म्हणजे बिघाड मेंदू किंवा कॉर्डमध्ये आहे, एल४-एल५ ला नाही. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर टेकवून थरथर जाणवते का विचारतील, डोळे मिटून अंगठा वर की खाली विचारतील, पाय जुळवून डोळे मिटून उभं करतील, एका रेषेत टाचेला बोटं लावून चालवतील. आणखी एक आहे ते घरी पण करता येतं, मूठ पूर्ण उघडायची पूर्ण मिटायची, १० सेकंदात २० वेळा तरी व्हायला पाहिजे. तुमच्या पत्रात एवढे डॉक्टर झाले पण हातोडीचा उल्लेख एकदाही नाही, मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटलं. सगळी तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि त्यावरूनच ठरतं की एमआरआय कुठला काढायचा.

एमआरआय मानेचा काढा आणि सोबत पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग करून घ्या, कारण छातीच्या मणक्यातही कारण सापडू शकतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर त्यातल्या बल्ज (गादी फुगणं), डीजनरेशन (झीज) या शब्दांनी घाबरू नका. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून पाहिलं, ३११० माणसं, कुणालाही पाठीचा त्रास नव्हता, तरी पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या कमरेत गादी फुगलेली दिसली, विशीतल्यांमध्ये सुद्धा ३० टक्के. तुमचा एल४-एल५ पण त्यातलाच असू शकतो. मानेच्या फिल्ममध्ये बघायचं ते वेगळं, कॉर्ड चेपलाय का, आणि त्याच्या आत पांढरा डाग आलाय का. बी ट्वेल्व्हच्या कमतरतेत तो डाग कधी कधी कॉर्डच्या मागच्या भागात उलट्या व्ही सारखा दिसतो. म्हणून नुसता कागद नेऊ नका, सीडी आणि फिल्म न्या, डॉक्टरांनी स्वतः बघितली पाहिजे. रक्तात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आणि कॉपर म्हणजे तांबं सांगतील, बाकी फार गरज नाही.

दाब निघाला तर? मग मात्र वेळ घालवू नका. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनप्रमाणे मध्यम आणि जास्त त्रासात ऑपरेशनचाच सल्ला आहे, सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम. ऑपरेशनचा पहिला हेतू आणखी बिघडू न देणं हा असतो, गेलेलं किती परत येईल ते कॉर्ड किती दिवस दबून होता त्यावर असतं. बी ट्वेल्व्हची कमतरता निघाली तर इंजेक्शनचा पूर्ण कोर्स आणि पुढे नियमित डोस, चार-पाच इंजेक्शनं घेऊन सोडायचं नाही. मेटफॉर्मिन किंवा कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

तोपर्यंत मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. ट्रॅक्शन नको, मालिश नको, सलूनमध्ये कडकन मान मोडून देतात ते तर तुमच्या मिस्टरांनी पण बंद करावं. रात्री बाथरूमच्या वाटेवर लाईट चालू ठेवा, तोंड बसून धुवा, पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊ नका कारण भाजलेलं कळणार नाही. मिरज-कोल्हापूरला न्यूरोफिजिशियन आहेत, लांब जायची गरज नाही. ऑपरेशन लागलं तर पुढे न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जन, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. जाताना सुनेला सांगून तुमचा चालतानाचा आणि हुक लावतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात तो व्हिडिओ तुमच्यापेक्षा जास्त बोलेल.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे, लातूर जिल्हा. तीन महिने पाठ दुखतेय, रात्री जास्त, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरलंय. एक्स-रेमध्ये मणक्यात गॅप म्हणाले. परवापासून दोन्ही पायातली ताकद कमी झालीय, खाली बसायच्या जागेला बधिर लागतंय आणि लघवी नीट होत नाहीये. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलंय. थांबू का?

उत्तर : थांबू नका. हा मेल ज्या दिवशी आला त्याच दिवशी यांना ऑफिसमधून फोन करून वडिलांना मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्यायला सांगितलंय, पण इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचाला कळेनासं होणं, दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक जाणं, यातलं काहीही मणक्याच्या दुखण्यासोबत आलं तर अपॉइंटमेंट नसते, १०८ ला फोन करायचा आणि त्याच दिवशी एमआरआय. इथे तास मोजावे लागतात, नसा दबून राहिल्या तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

आणि तीन महिन्यांचा ताप, उतरलेलं वजन, रात्रीचं दुखणं याला गॅप म्हणून सोडून देणं बरोबर नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी खूप आहे. टीबीने मणका पोखरला जातो, पू साठतो आणि कॉर्ड दबतो, पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या सर्जनने १७७९ साली पाय लुळे पडण्याशी त्याचा संबंध लिहून ठेवला. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी मणक्याचा टीबी असू शकतो. या वयात दुसरीकडच्या कॅन्सरची गाठ मणक्यात येणं हेही बघावं लागतं, म्हणून जमेल तिथे सुईने तुकडा घेऊन तपासतात. टीबी निघाला तर औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, कोर्स लांबलचक असतो पण लवकर सुरू केला तर पाय परत येतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

प्रश्न : मॅडम मी चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितेय, मुलगा १९ वर्षांचा आहे. वर्षभरापासून त्याचा उजवा हात बारीक होत चाललाय, अंगठ्याजवळचा मांसल भाग बसलाय, बोटं सरळ केली की थरथरतात. हिवाळ्यात सकाळी बाईकची चावी फिरवता येत नाही. दुखत नाही, बधिर नाही. मानेचा एमआरआय जवळपास नॉर्मल आहे, थोडी मान सरळ झालीय एवढंच. एकांनी मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याचा आजार) असू शकतो म्हणून सांगितलं आणि नेटवर वाचून आमचं घर झोपलेलं नाही. मुलगा कॉलेजला जायचा बंद झालाय.

उत्तर : ताई, मुलाला आधी हे वाचायला द्या. १९ व्या वर्षी, एकाच हातात, हळूहळू, दुखणं-बधिरपणा नसताना, थंडीत जास्त, असं चित्र असलं की आम्हाला सगळ्यात आधी हिरायामा डिसीज आठवतो. जपानमधल्या केइझो हिरायामा यांनी तो १९५९ मध्ये सांगितला, बहुतेक पेशंट तरुण मुलगेच असतात आणि भारतातही ते सापडतात. यात होतं असं की मान पुढे वाकवली की कॉर्डभोवतीचं आवरण मागून पुढे सरकतं आणि कॉर्ड समोरच्या हाडावर दाबला जातो, पुन्हा पुन्हा तसं होऊन हाताच्या पेशी हळूहळू मरतात. मान सरळ केली की सगळं जागेवर. आणि एमआरआय तर मान सरळ ठेवूनच काढतात, मग दिसणार कसं? म्हणून एमआरआय मान वाकवून काढावा लागतो, फ्लेक्शनमध्ये आणि काँट्रास्ट, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य, देऊन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि सेंटरला फोन करून ते काढतात का ते आधी विचारा, नाहीतर पैसे भरून पुन्हा तोच सरळ एमआरआय हातात येतो. सोबत ईएमजी (सुई घालून स्नायूंची तपासणी) पण लागेल, दोन्ही हातांची आणि एका पायाची.

यात बरेचदा काही वर्षं हात बारीक होत जातो आणि मग आजार आपोआप थांबतो. तो लवकर थांबावा म्हणून मानेला कॉलर देतात, काहींना ऑपरेशन लागतं. तोवर तासन् तास मान खाली घालून मोबाईल बघणं बंद, हे तुम्ही नुसतं ओरडून होणार नाही, त्याला कारण समजावून सांगा.

पण तुमच्या जिल्ह्याचं नाव वाचून आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. कुष्ठरोगात कोपराच्या आतल्या बाजूची नस जाड होते आणि पंजा असाच बारीक होतो, बोटं वाकडी होतात. त्यात बहुतेक करंगळीकडे बधिरपणा असतो, अंगावर एखादा फिकट चट्टा असतो जिथे टोचलं तरी कळत नाही. मुलाला बधिरपणा नाही म्हणताय, पण स्वतःला जाणवत नाही आणि तपासल्यावर सापडतो असं होतं, म्हणून शर्ट काढून पूर्ण अंग बघून घ्या, पाठ पण. औषध पूर्ण बरं करतं, सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि यात लपवण्यासारखं काहीही नाही.

मोटर न्यूरॉन डिसीज या वयात फारच क्वचित होतो. तपासणीत जीभ फडफडते का, पायांचे झटके जोरात आहेत का हे बघून आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासूनच तसं म्हणता येतं. नागपूरला न्यूरोफिजिशियनना दाखवा. कॉलेज मात्र आजपासून सुरू करायला सांगा, डाव्या हाताने लिहावं लागलं तरी चालेल, परीक्षेत लेखनिक मिळतो.

प्रश्न : वय ३६, पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, आयटीत आहे. सात-आठ महिन्यांपासून मान आखडते, कधी डाव्या पायाला कधी चेहऱ्याला मुंग्या येतात, मध्येच डावा पाय ओढल्यासारखा होतो, कधी दोन दिवस एकदम नॉर्मल. मला जीबीएसची (गुलेन-बॅरी सिंड्रोम, ज्यात नसा बिघडून हातपाय लुळे पडतात) भीती बसली आहे कारण आमच्याच भागात झाला होता. मेंदू आणि मानेचा एमआरआय, एनसीव्ही, बी ट्वेल्व्ह सगळं झालं, मानेत सी५-सी६ ला थोडा बल्ज सोडून काही नाही. शेवटच्या डॉक्टरांनी फंक्शनल आहे म्हणून सांगितलं. बायको म्हणते मग नाटकं कशाला करतोस. मी नाटक करत नाहीये मॅडम.

उत्तर : माझा तुमच्यावर विश्वास आहे. बायकोला पण हे उत्तर वाचायला द्या.

आधी जीबीएसची भीती काढून टाकू. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जी साथ आली, दोनशेहून जास्त पेशंट झाले, त्यातल्या काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला आणि पाण्याकडे बोट गेलं, त्यामुळे तिथे राहणाऱ्या माणसाला धास्ती बसणं साहजिक आहे. पण जीबीएस बहुतेक वेळा जुलाब किंवा सर्दीतापानंतर एक ते तीन आठवड्यांत सुरू होतो, पायांपासून वर चढतो, दोन्ही बाजूंना होतो, हातोडीचे झटके जातात आणि चार आठवड्यांच्या आत त्याची कमाल गाठली जाते. सात-आठ महिने येऊन-जाऊन असणारा त्रास, मध्ये दोन दिवस पूर्ण नॉर्मल, हे जीबीएसमध्ये बसत नाही.

आता फंक्शनल. याचा अर्थ खोटं असा अजिबात नाही. नसांची जोडणी शाबूत असते पण मेंदू ती नीट वापरत नाही, हालचालीचा आदेश अर्ध्यातच अडकतो. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून शेवटी हे नाव द्यायचं असं नसतं, त्याच्या स्वतःच्या खुणा तपासणीत सापडाव्या लागतात. एक तुम्हाला सांगते, हूव्हर साइन, १९०८ पासून माहीत आहे. तुम्ही पाठीवर झोपता, डॉक्टर डाव्या टाचेखाली हात ठेवतात, डावा पाय खाली दाबा म्हणतात तर जोर लागत नाही. मग उजवा पाय वर उचला म्हणतात, आणि त्या क्षणी डावी टाच आपोआप हातावर जोरात दाबली जाते. म्हणजे ताकद आहे, लक्ष तिथे असताना ती निघत नाही. माझ्या ओपीडीत हे मी पेशंटच्या नवऱ्याला, बायकोला, आईला उभं करून दाखवते, कारण ते बघितल्यावर घरातलं वातावरण बदलतं आणि पेशंटलाही कळतं की पाय परत येऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की कुठल्या खुणेवरून फंक्शनल म्हणताय. खूण दाखवली तर उपचार सुरू करा, हा त्रास समजणारा फिजिओथेरपिस्ट, सोबत सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत) करणारे सायकॉलॉजिस्ट, चालताना पायाकडे लक्ष न देता चालण्याचा सराव, झोप नीट. नुसतं रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून सांगितलं असेल तर दुसऱ्या न्यूरोफिजिशियनकडून तपासून घ्या.

नवीन एमआरआय आत्ता नको. पण फंक्शनल असणाऱ्या माणसाला दुसरा आजार होत नाही असं थोडंच आहे, म्हणून काही बदललं तर परत दाखवायचं, एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं आणि डोळा हलवताना दुखलं, लघवीचा त्रास सुरू झाला, अशक्तपणा एकदा आला आणि गेलाच नाही, तर वाट बघू नका. तोपर्यंत दर सहा महिन्यांनी एकाच डॉक्टरांकडे जा, दर वेळी नवीन डॉक्टर शोधू नका, म्हणजे आधीच्या तपासणीशी ताडून बघता येईल. आणि पुढच्या अपॉइंटमेंटला बायकोला सोबत न्या, ती टाचेची तपासणी तिच्यासमोर करायला सांगा.